तेलाने दूषित माती आणि हवेचे कार्य

पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीस गळती लागली किंवा गॅरेजमागे वर्षानुवर्षे तेल सांडत राहिले, तर जमीन खराब होतेच. शिवाय बेंझीनसारखी विषारी द्रव्ये विहिरी व कूपनलिकांपर्यंत पोचू शकतात. अशी माती हवेच्या साहाय्याने बऱ्याच अंशी शुद्ध करता येते. त्यामागील तत्त्वाचा व इंदूरच्या काळ्या मातीचा येथे विचार केला आहे.

तत्त्व : मातीतील अनेक जिवाणू हायड्रोकार्बनचा अन्न म्हणून उपयोग करून त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी करतात. त्यासाठी प्राणवायू हवा. समीकरणावरून पाहता १ किलो हेक्झेनसाठी सुमारे ३.५ किलो प्राणवायू लागतो. तो १३ घनमीटर हवेत मिळतो. पाण्यात मात्र लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळत असल्याने ४ लाख लिटरांहून अधिक पाणी लागेल.

पद्धती : सच्छिद्र जमिनीत नळ्या बसवून हवा संथपणे सोडतात. यास बायोव्हेंटिंग म्हणतात. हवा वेगाने खेळवल्यास पेट्रोल विघटनापूर्वीच वाफ होऊन वातावरणात जाते. म्हणजे प्रदूषणाची केवळ जागा बदलते. म्हणून वास गेला एवढ्यावरून माती शुद्ध झाली असे समजू नये.

इंदूरची माती : माळव्याची काळी माती भिजली की फुगते व तिची छिद्रे बुजतात, वाळली की भेगा पडतात. मग हवा भेगांतूनच निघून जाते, ढेकळे तशीच राहतात. अशी माती उकरून, त्यात भुसा, थोडे नत्र व ओलावा मिसळून ढीग रचणे आणि तो वेळोवेळी उलथणे अधिक सोयीचे. हे तत्त्व इंदूरला नवे नाही. येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड व वाय. डी. वाड यांनी विकसित केलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातही ढीग उलथून जिवाणूंना हवा पुरवली जाते.

मर्यादा : डिझेल तुलनेने लवकर विघटित होते, डांबरासारखे जड घटक फार सावकाश. शिसे व इतर धातू तर हवेने नष्ट होतच नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ही माती शेतात पसरू नये.

वर्गातील प्रयोग : दोन बरण्यांत सारखी ओलसर माती घ्यावी. एकीतील माती आधी भाजून, थंड करून, उकळून गार केलेल्या पाण्याने ओलवावी. दोन्हींत चुन्याच्या निवळीची वाटी ठेवून झाकणे घट्ट लावावीत. न भाजलेल्या मातीजवळची निवळी आधी दुधाळ होते. माती श्वास घेते, हे विद्यार्थ्यांना तेलाचा थेंबही न वापरता दाखवता येते.