राजवाड्यातलं कॉलेज

नोकरी सोडून गाणंच शिकावं, असं दर सोमवारी वाटतं? मग खैरागडचं नाव ऐकून ठेवा. छत्तीसगडमधलं छोटंसं गाव. मुंबई-हावडा लाइनवर राजनांदगावला उतरायचं, पुढे रस्त्याने. इथल्या राजा-राणीने अकाली गेलेल्या लेकीच्या आठवणीत चक्क राजवाडा देऊन टाकला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. आपले पंडित श्रीकृष्ण रातंजनकर इथे कुलगुरू होते! गाव लहान, त्यामुळे रियाजाला वेळच वेळ. पण नुसतं गाऊन भागत नाही हं, थिअरीचे पेपरही असतात. आणि पदवी हातात आली म्हणून मैफली मिळत नाहीत. कॉलेजात शिकवायचं तर पुढे एमए, मग नेट. ईएमआय चालू असेल, तर राजीनामा टाइप करण्याआधी तो बघा.