मागे सरकत अडवणारा

बसा रे पोरांनो, जवळ सरका. लाईट यायला वेळ आहे, शेजारचे लूमही गप्प आहेत, तेवढ्यात एका गड्याची गोष्ट सांगून घेतो. वजन १२६ किलोच्या आसपास, उंची साडेसहा फूट, आणि निम्मं आयुष्य उलट्या पावली सरकण्यात गेलेलं. नाव अँथनी मुन्योझ, गाव कॅलिफोर्नियातलं ऑन्टारियो.

तिकडचा, म्हणजे अमेरिकेतला फुटबॉल वेगळा बरं का. चेंडू हाताने फेकतात, आणि फेकणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, लोळवायला समोरून दांडगे गडी सुसाट येतात. त्यांना दोन-तीन सेकंद थोपवायचं ते पाच जणांनी. त्यातही डाव्या टोकाचा लेफ्ट टॅकल, आपला मुन्योझ तोच, मोठ्या जोखमीचा, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळते आणि तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. आपल्या ह्या लिंबायत वस्तीतल्या पोरांना सांगायचं तर ही कबड्डीतल्या कोपरारक्षकाची जागा. मात्र कोपरारक्षक धरतो, आणि ह्याने धरून ओढलं की दंड.

आता खरी नवलाई ऐका. एवढा जड देह मागे जाता जाता पुढून येणारा धक्का पचवतो कसा? तर जो खाली, तो भारी. गुडघे मोडून, कंबर खाली टाकून, पाय फाकवून उभं राहिलं की अंगाचा भार दोन पावलांच्या आतच राहतो, लवंडत नाही. मग पायाने जमीन दाबायची; जमीन तेवढ्याच जोराने उलट रेटते, तो रेटा मांडीतून कमरेत, कमरेतून तळहातात येतो. तळहात समोरच्याच्या छातीवर खालून बसला की त्याचे पाय जमिनीवर हलके पडतात, आणि पाय हलके पडले की ताकद कितीही असो, टेकायला जागाच उरत नाही.

ह्याच मुन्योझच्या गुडघ्यावर कॉलेजात असतानाच तीन शस्त्रक्रिया झालेल्या. त्यात हा पठ्ठ्या बेसबॉलचाही गोलंदाज, १९७८ च्या राष्ट्रीय विजेत्या कॉलेज संघातला. मला वाटतं, पावलांचा तोल तिथेच घडला. सिनसिनाटी बेंगल्स ह्या व्यावसायिक संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग, स्वतः एके काळचे नामांकित टॅकल, त्याची परीक्षा घ्यायला अंगावर धावून गेले, आणि ह्याने त्यांना उताणं पाडून वर माफीही मागितली! १९८० साली बेंगल्सने त्याला निवडलं, त्या वर्षी निवडलेल्या सगळ्या नव्या खेळाडूंत तिसरा. पुढे १३ हंगाम तो तिथेच खेळला, आणि पहिल्या १२ हंगामांत दुखापतीने अवघे ३ सामने हुकले. त्याच गुडघ्यांवर, लक्षात घ्या!

पुढे क्वार्टरबॅक आला बूमर इसायसन, तो डावखुरा; म्हणजे मुन्योझची बाजू त्याच्या डोळ्यांसमोरच. तरी ह्याने काम तसूभर सैल केलं नाही. सलग ११ वर्षं प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, त्याची निवड झाली. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, मात्र त्याचा संघ दोनदा हरला, दोन्ही वेळा सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडून. १९९८ साली ह्या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, त्याचं नाव लागलं.

जुना सामना मोबाईलवर सापडला, तर चेंडूचा नाद सोडा. ७८ नंबरचा गडी शोधा आणि फक्त त्याच्या कमरेकडे आणि पावलांकडे बघा.