सक्तीच्या लष्करी नोंदणीची धास्ती

गैरसमज: अमेरिकेसारखा कायदा आपल्याकडेही येतोय, अठरा पूर्ण झाली की पोराचे नाव तहसीलमध्ये द्यावे लागेल.

अमेरिकेतली सक्तीची भरती 1973 मध्येच थांबली. 1980 पासून तिथे आहे ती 18 ते 25 वयाच्या पुरुषांची नुसती नोंदणी. ग्रीन कार्डवर राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलालाही ती चुकत नाही. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला लागू नाही. भारतात सर्व तरुणांसाठी असा कायदा नाही. सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाची खासगी विधेयके काही खासदारांनी मांडली, हे खरे. पण 1970 नंतर संसदेत एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही.

गैरसमज: राज्यघटना अशी सक्ती करूच देत नाही.

देते. वेठबिगारीला बंदी घालणारे कलम 23 पुढच्याच उपकलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायची मुभा सरकारला देते. फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभाव नको. 1972 चा राष्ट्रीय सेवा कायदा तर नोंदणीचाच होता, पण तिशीपर्यंतच्या डॉक्टर-इंजिनिअरांसाठी. धाराशिवमधल्या कळंब-भूमच्या शेतकऱ्याचा दहावी-बारावी झालेला मुलगा त्यात कुठेच बसत नव्हता.

गैरसमज: एनसीसीत नाव घातले की युद्धात बोलावणे येते.

1948 च्या एनसीसी कायद्यातच कॅडेटवर लष्करी सेवेचे बंधन नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती, ती 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. घरातले आजोबा सक्तीच्या एनसीसीची आठवण सांगत असतील, तर ती बहुधा तिथली.

गैरसमज: अग्निवीर म्हणजे मागच्या दाराने आणलेली सक्ती.

14 जून 2022 ला जाहीर झालेल्या अग्निवीर भरतीच्या योजनेवर टीका करायला जागा भरपूर आहे. नोकरी चार वर्षांची, कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के, बाकीच्यांना पेन्शन नाही. शेवटी मिळणाऱ्या सुमारे 11.71 लाखांच्या सेवानिधीत मुलाच्याच पगारातून कापलेले पैसे असतात, हेही घरी नीट सांगितले जात नाही. पण सक्ती? अर्ज मुलगाच भरतो. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग 1600 मीटर धावणे, मग वैद्यकीय. धाराशिवची मुले पुणे भरती कार्यालयाखाली येतात. तिथे त्यांची गाठ बीड, लातूर, सोलापूर, अहिल्यानगरच्या मुलांशी पडते. बेभरवशाचा पाऊस आणि वाटण्यांनी तुकडे झालेले रान त्यांना मैदानावर पाठवते, कायदा नव्हे.

त्यामुळे आपल्याकडे सरकारी नोटिशीपेक्षा ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्या एजंटाला भ्यायला हवे. नोंदणी फक्त लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावर होते आणि ठरलेल्या परीक्षा शुल्कापलीकडे एक रुपयाही लागत नाही. त्याहून जास्त पैसे कोणी मागितले, तर देऊ नका, पोलिसांत जा.