बारा मिनिटांचे गाणे

आमच्या घरी 'ओपेथ' हा शब्द प्रथम आला तो तक्रारीच्या रूपाने. २००२ सालचा पावसाळा होता. हैदराबादच्या आमच्या जुन्या घरात एका मित्राने दिलेली सी.डी. मी लावली होती. पलीकडच्या खोलीतून नाना, म्हणजे माझे वडील, चष्मा कपाळावर सरकवीत दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा गृहस्थ गातो आहे, की त्याला कोणी बदडते आहे?" नानांनी उमेदीच्या काळात पुष्कळ ठिकाणी तबल्याची साथ केली होती. सुरातालाच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जाई. मी काही उत्तर दिले नाही. आवाज तेवढा कमी केला. ती सी.डी. 'ब्लॅकवॉटर पार्क' नावाच्या अल्बमची होती, आणि तिच्यातील शेवटचे गाणे बारा मिनिटांचे होते. ते संपेपर्यंत नाना दारातच उभे होते, हे माझ्या ध्यानात आले ते नंतर.

ज्या वाचकांचा या संगीताशी परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगावयास हवेत. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील काही रॉक वाद्यवृंदांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कंटाळा आला. त्यांनी गाणी लांबविली, ताल बदलते ठेवले, एका तबकडीवर एकच कथा गुंफण्याचे प्रयोग केले. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, कॅमेल ही त्यांतील ठळक नावे. याच्या जोडीने, पण अगदी वेगळ्या वृत्तीचे असे हेवी मेटल वाढत होते: विजेच्या गिटारींचा जड, खरबरीत नाद आणि ड्रम्सचा घणाघात. १९८० नंतर या दोन प्रवाहांचा संगम झाला व त्याला प्रोग्रेसिव्ह मेटल असे नाव पडले. अमेरिकेतील ड्रीम थिएटर या संचाच्या १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' या अल्बमने ते नाव दूरवर पोहोचविले. ड्रीम थिएटरचे वादनकौशल्य थक्क करणारे आहे, हे मी मान्य करतो. परंतु थक्क होणे निराळे आणि जीव जडणे निराळे. माझा जीव जडला तो स्वीडनच्या ओपेथवर.

स्टॉकहोममध्ये १९९० च्या आसपास हा संच उभा राहिला. त्याचे नाव विल्बर स्मिथ या कादंबरीकाराच्या 'द सनबर्ड' या पुस्तकातील एका कल्पित नगरीवरून घेतलेले आहे. संचातील माणसे पुढे बदलत गेली. टिकून राहिला तो मिकाएल ओकरफेल्ट, गायक, गिटारवादक आणि बहुतेक सर्व गाण्यांचा कर्ता. या माणसाला दोन आवाज आहेत. एक स्वच्छ, हळुवार, काहीसा उदास. दुसरा छातीच्या तळातून निघाल्यासारखा, एखाद्या श्वापदाच्या गुरगुराटासारखा. नानांची तक्रार होती ती या दुसऱ्या आवाजाविषयी.

हा गुरगुराट म्हणजे नुसते ओरडणे, असा सर्वसाधारण समज आहे. मलाही प्रारंभी तसेच वाटे. वस्तुतः स्वरतंतूंच्या वर ज्या आणखी दोन घड्या असतात, ज्यांचा बोलण्यात वा गाण्यात एरवी उपयोग होत नाही, त्यांना श्वासाच्या बळावर कंप देऊन हा आवाज काढतात. तो ऐकू येतो तितका मोठा नसतो. मोठा करण्याचे काम मायक्रोफोन करतो. गळ्याने जोर लावला तर गायक आठवडाभरात बसेल. पोटाच्या श्वासावर भिस्त ठेवावी लागते. हे मी नानांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग रियाझ तरी करत असेल." त्यांच्या तोंडून हा मोठाच सन्मान होता.

'ब्लॅकवॉटर पार्क' २००१ साली निघाला. त्याच्या निर्मितीत इंग्लंडच्या पॉर्क्युपाइन ट्री या संचाचा स्टीव्हन विल्सन हा साहाय्यक होता. पुढच्याच वर्षी ओपेथने एक धाडस केले. दोन अल्बम एकाच वेळी ध्वनिमुद्रित केले. 'डेलिव्हरन्स' हा सगळा जड व काळोखा. 'डॅमनेशन' मात्र पूर्ण शांत, गुरगुराटाचा एक शब्दही नसलेला. ही कामे चालू असतानाच ओकरफेल्टची आजी मोटार-अपघातात गेली, आणि हे अल्बम तिला अर्पण झाले.

'डॅमनेशन' २००३ साली आमच्या घरी आला, आणि घरातले वातावरणच पालटले. नाना आपण होऊन खुर्ची ओढून बसले. त्यांचे लक्ष प्रथम गेले ते शब्दांकडे नव्हे, सुरांकडेही नव्हे, तर बोटांनी मोजता येणाऱ्या गोष्टीकडे. एका गाण्याच्या मध्यात त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला आणि म्हणाले, "हा तर दादरा. जरा अंगाने जड आहे, इतकेच." ओपेथच्या कित्येक गाण्यांत सहा मात्रांची अशी झुलती चाल असते हे खरे, परंतु इतकी वर्षे ऐकूनही मला ते नाव सुचले नव्हते. मेलोट्रॉन या वाद्याचेही त्यांना मोठे कुतूहल वाटले. बाहेरून ते पेटीसारखे दिसते, पण प्रत्येक पट्टीखाली फीत असते, आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासऱ्यांचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत फिरते. सुमारे आठ सेकंदांनी ती संपते आणि सूर तुटतो. "म्हणजे सूर उसना, आणि तोही मुदतीचा," नाना म्हणाले.

ओपेथ हिंदुस्थानात येणार असे कळले तेव्हा माझा विश्वास बसेना. २००९ च्या प्रारंभी चेन्नईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांच्या 'सारंग' महोत्सवात त्यांची मैफल ठरली. रजा, रेल्वेचे आरक्षण, घरच्यांची समजूत या सर्व पायऱ्या ओलांडून मी चेन्नई गाठली. मैदान काळ्या सदऱ्यांनी भरून गेले होते. गुवाहाटी, कोची, मुंबई, कुठून कुठून आलेली मुले. त्यांत पस्तिशीच्या घरातील मी एक. एकमेकांची भाषा न कळणारी माणसे एकाच गाण्याच्या एकाच जागी श्वास रोखून थांबत होती. शांत भाग सरून जड भाग कोसळतो तो क्षण प्रत्येकाला पाठ होता, आणि तरीही तो आला की सगळे दचकत. मधल्या वेळात ओकरफेल्ट अगदी थंड आवाजात विनोद करी. इतके भीषण गाणारा माणूस इतका मिस्कील असावा, याची गंमत वाटे.

येथे एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. त्या रात्री मी कानांत कापसाचे बोळे घातले होते आणि दोन दिवस कान वाजत होते. कापूस अशा ठिकाणी फारसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी फोमची बुचे मिळतात, ती स्वस्त असतात. मैफलींतील आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घालून दिला आहे. घरातील मुले अशा कार्यक्रमांना निघाली की त्यांना अडविण्यापेक्षा बुचे हातावर ठेवावीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला पवईत पॉर्क्युपाइन ट्रीची मैफल झाली. तिला मी जाऊ शकलो नाही, याची हळहळ अजून आहे. पुढे २०१० च्या एप्रिलमध्ये ओपेथने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'ब्लॅकवॉटर पार्क' आरंभापासून शेवटापर्यंत सलग वाजविला. त्याची डी.व्ही.डी. आम्ही पितापुत्रांनी एका रविवारी पाहिली. शेवटचे बारा मिनिटांचे गाणे लागले तेव्हा नाना दारात नव्हते, माझ्या शेजारी होते.

आणि मग २०११ साल उजाडले. ओपेथचा 'हेरिटेज' निघाला, आणि त्यात गुरगुराट नव्हता. 'डॅमनेशन'ही तसाच होता, पण त्याला जोडीला 'डेलिव्हरन्स' होता. येथे जोड नव्हती. सारे संगीत १९७० च्या वळणाचे, जुन्या धाटणीच्या ध्वनिमुद्रणाचे. आणि ध्वनिमुद्रण झाले होते ते स्टॉकहोमच्या ज्या स्टुडिओत पूर्वी ॲबाने गाणी मुद्रित केली होती तेथे. आधी लिहिलेली जुन्या वळणाची गाणी ओकरफेल्टने बास-गिटारवादक मेंदेसला ऐकविली, ती त्याला रुचली नाहीत, तेव्हा ती टाकून देऊन आपण नव्याने आरंभ केला, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे.

मला राग आला. आज सांगताना हसू येते, पण तो राग खरा होता. मी दहा वर्षे या माणसाच्या आवाजासाठी घरात बोलणी खाल्ली होती. मित्रांत चेष्टा सोसली होती. आणि आता तोच माणूस, जणू काही तो आवाज म्हणजे लहानपणीची एखादी खोड होती अशा थाटात, तो बाजूला ठेवून मोकळा झाला होता. त्या वर्षीच्या दौऱ्यात तर जुनी गुरगुराटाची गाणीही वगळली गेली. ती पुढे मैफलींतून परत आली, पण नवे काही त्या आवाजात लिहिले जाईना. माझ्यासारखे रागावलेले रसिक जगभर होते. मी ती सी.डी. दोनदा ऐकली आणि फडताळात टाकली.

ती बाहेर काढली नानांनी. एके दिवशी कचेरीतून परतलो तो घरात पियानो वाजत होता. 'हेरिटेज'चा आरंभ एका लहानशा पियानोवादनाने होतो. स्वीडनमधील यान योहानसन या वादकाने १९६० च्या दशकात लोकगीतांना जाझचा जो साज चढविला, त्याची छाया त्यावर आहे. नाना मुखपृष्ठ न्याहाळीत बसले होते. त्यावर एक झाड रंगविले आहे. फळांच्या जागी संचातील माणसांची तोंडे लटकली आहेत, आणि एक तोंड खाली पडते आहे. ते संच सोडून गेलेल्या पेर विबर्गचे. झाडाच्या बुडाशी पूर्वीच्या सभासदांच्या कवट्या आहेत.

"वंशवृक्षच काढला आहे की," नाना म्हणाले. "तू हे का ऐकत नाहीस?"

"त्याने आपला आवाज टाकला, नाना."

"आपला म्हणजे कोणाचा? त्याचा की तुझा?"

मी गप्प राहिलो. नानांनी स्वतः पन्नाशीत साथ करणे सोडले होते. का सोडले, हे त्यांनी घरात कोणालाही सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला होता. त्या संध्याकाळी मी विचारावयास हवे होते. मी विचारले नाही, सी.डी. पहिल्यापासून पुन्हा लावली, आणि आम्ही दोघांनी ती पुरी ऐकली. ती मला तेव्हाही पूर्णपणे आवडली नाही, आजही आवडत नाही. त्यानंतरचा, २०१४ चा 'पेल कम्युनियन' मात्र मला फार प्रिय आहे. रागाच्या भरात राहिलो असतो तर तो माझ्या हाती लागला नसता.

नाना २०१७ मध्ये गेले. २०१९ च्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवात ओपेथ आले, तेव्हा मी हैदराबादहून एकटाच गेलो. या वेळी कानांत फोमची बुचे होती. आजूबाजूच्या गर्दीत मराठी बोलणे कानावर पडत होते, आणि 'जुने ओपेथ चांगले की नवे' यावर दोन तरुण हमरीतुमरीवर आले होते. मी त्यांच्यात पडलो नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ओपेथचा नवा अल्बम आला. नाव, 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', म्हणजे मृत्युपत्र. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एका धनिक घराण्याचा कर्ता पुरुष वारला आहे आणि त्याच्या मुलांसमोर मृत्युपत्राचे वाचन होते आहे. गाण्यांना नावे नाहीत. कायद्याच्या कागदात असतात तशी कलमे आहेत, एक ते सात. एकेका कलमाबरोबर घराण्यातील एकेक गुपित बाहेर पडते. जेथ्रो टलचा इयन अँडरसन यात निवेदन करतो व बासरी वाजवितो. आणि मेलेल्या बापाच्या तोंडी ओकरफेल्टने घातला आहे तो गुरगुराट. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर नव्या गाण्यांत तो प्रथमच आला. सोळा वर्षे!

मी तो रात्री, घरातील सारे निजल्यावर, हेडफोन लावून ऐकला. आवाज तोच होता, पण पूर्वी तो कोणाचाच नसे, काळोखाचा असे. आता तो एका म्हाताऱ्याचा झाला होता, ज्याला जे सांगावयाचे ते जिवंतपणी सांगता आले नाही. इतकी वर्षे त्याने तो आवाज राखून ठेवला तो बहुधा याचसाठी, असे मला वाटून गेले. तसे त्याने कोठे म्हटलेले नाही; हा माझा तर्क.

सात कलमे संपल्यावर आठवे गाणे येते. त्याला क्रमांक नाही, नाव आहे: 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. त्यात गुरगुराटही नाही. ज्या मुलीला सारी इस्टेट मिळाली, तिला आईचे एक पत्र येते, आणि त्यातून कळते की तो म्हातारा तिचा बाप नव्हताच. गाणे अगदी संथ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढून गवसणी खाली काढली. डग्ग्याची शाई उडाली आहे. तो पुन्हा मढवून आणावयाचा आहे.