जुन्या जिप्सीचा ‘टक्’ आवाज : प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलताना

आजच्या भागात फक्त एक आवाज. टक्.

जुनी जिप्सी घेतलेल्यांना हा ओळखीचा असेल. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, टक्. पहिला गिअर टाकला, पुन्हा टक्. बाकी गाडी झक्कास चालते. मग कट्ट्यावर सल्ले सुरू होतात. एक म्हणतो गिअरबॉक्स गेला, दुसरा म्हणतो डिफरन्शियल उघडावं लागेल, आणि गाडीवाल्याचा चेहरा उतरतो. बऱ्याचदा दोष असतो या दोघांच्या मधल्या, काही शे रुपयांच्या एका तुकड्यात. पुस्तकात त्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं ‘क्रॉस’.

एक सूचना आधीच. हा भाग इअरफोन लावून, गाडीखाली शिरून ऐकायचा नाही. आधी खुर्चीत बसून पूर्ण ऐका किंवा इथे वाचा. कारण पुढे येईलच.

क्रॉस नक्की करतो काय?

जिप्सी १९८५ साली आली आणि २०१८-१९ च्या सुमारास शोरूममधून गेली. इतक्या वर्षांत इंजिन बदललं, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, पण खालचा सांगाडा जवळपास तोच राहिला. गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्सफर केस वेगळी. दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट. तिथून एक शाफ्ट पुढच्या अ‍ॅक्सलकडे, एक मागच्या अ‍ॅक्सलकडे. चारही चाकांना पाट्याचे स्प्रिंग, त्यामुळे खड्ड्यात चाक वरखाली झालं की अख्खा अ‍ॅक्सल वरखाली होतो. ट्रान्सफर केस मात्र चासीला धरून जागच्या जागी. म्हणजे मधल्या शाफ्टला फिरतही राहायचंय आणि दर क्षणी कोनही बदलायचाय.

हे जमतं क्रॉसमुळे. अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा लोखंडी तुकडा. प्रत्येक हातावर एक टोपी, म्हणजे कप. कपाच्या आत सुईसारखे बारीक रोलर गोल उभे केलेले. दोन कप एका योकमध्ये, दोन समोरच्या योकमध्ये. योक म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी दोन कानांची पकड. बस, एवढंच यंत्र.

यात एक गंमत आहे आणि आजचा सगळा मुद्दा त्या गंमतीवर उभा आहे. कोनात असलेला एक क्रॉस फिरणं पुढे पोचवतो, पण सारख्या वेगाने नाही. मागून एकसारखं फिरवलं तरी पुढचं टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतं आणि दोनदा मागे पडतं. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक साधारण दीड टक्का वर, दीड टक्का खाली. ३० अंशांना तो १५ टक्क्यांच्या आसपास जातो. शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर असे ४००० धक्के. हा सांधा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जातो. हो, तोच, शाळेत स्प्रिंगचा नियम शिकवताना भेटलेला. जिप्सीत पाट्यांमध्येही तो आहे आणि शाफ्टमध्येही.

मग गाडी थरथरत का नाही? कारण शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात आणि दुसरा पहिल्याची चूक उलटी करून मिटवतो. पण दोन अटी आहेत. दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत. एक आडवा आणि दुसरा उभा झाला की चूक मिटायच्या ऐवजी वाढते. आता लक्षात ठेवा की शाफ्टच्या मध्ये दुर्बिणीसारखा आतबाहेर सरकणारा दात्यांचा जोड असतो. तो ओढून वेगळा केला आणि परत घालताना दोन-चार दाते इकडेतिकडे झाले, तर बसतो मस्त, पण जुळणी गेलेली असते. नवा क्रॉस टाकल्यावर ‘आता तर जास्तच व्हायब्रेशन येतंय’ अशी तक्रार येते, तेव्हा आधी हेच तपासायचं. नव्या पार्टला शिव्या नंतर.

गेलाय का, हे ओळखायचं कसं?

सपाट जागी गाडी उभी करा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला. एक हात क्रॉसच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि पिळून बघा. एक योक हलला आणि दुसरा क्षणभर तसाच राहिला, तर खेळ क्रॉसमध्ये आहे. दोन्ही एकत्र हलले आणि पुढे डिफरन्शियलमध्ये खट् झालं, तर तो गिअरच्या दात्यांमधला मोकळेपणा. तो थोडा असतोच.

कपाच्या कडेला लालसर तांबूस भुकटी दिसली की समजा, आत ग्रीस संपून गंज पीठ होऊन बाहेर पडतोय. सावकाश चालवताना वेगाबरोबर वाढणारा चिमणीसारखा चिवचिवाट हीसुद्धा कोरड्या रोलरची खूण. ‘टक्’ त्याच्या बराच नंतर येतो. चिवचिवाटाच्या वेळी ग्रीस मारून कधीकधी निभावतं, टक् सुरू झाल्यावर नाही. क्रॉसच्या हातांवर तोवर रोलरच्या रेघा उमटलेल्या असतात.

आणि हे पुढे ढकलण्यासारखं काम नाही. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर घासत मागे येतो, हे त्यातल्या त्यात बरं. पुढच्या टोकाचा तुटला तर शाफ्टचं तोंड खाली पडतं आणि गाडी पुढे जात असताना खड्ड्यात रुतू शकतं. घाटात उतरताना हे नको.

आता काम

गाडीखाली का शिरायचं नाही म्हणालो, ते आधी. मागचा शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी मागच्या चाकांना धरत नाही, कारण मधला दुवाच निघालेला असतो. त्यात विलीज जीप, लँड रोव्हर अशा काही जुन्या फोर बाय फोरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर लागतो. शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला. तुमच्या गाडीत तो कुठे लागतो, हे कॉलेजमधल्या मित्राला विचारू नका, वाकून केबल कुठे जाते ते बघा. आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर असला तरी तीच चाकं जॅकवर उचललेली असतील तर तो हवेत धरून बसतो. म्हणून उतार नसलेली जागा, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे, आणि चासीखाली घोड्या. नुसत्या जॅकवर नाही म्हणजे नाही.

शाफ्टवरचा चिखल तारेच्या ब्रशने काढा. मग खुणा. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर, दोन्ही बाजूंना जाईल अशी एक रेघ पांढऱ्या रंगाने किंवा पंचने. मोबाइलवर फोटोही काढा, पण ग्रीसच्या हातांनी फोटो शोधण्यापेक्षा रेघ बरी. फ्लँजचे बोल्ट सोडताना शाफ्टला दुसऱ्याने खालून आधार द्या, शेवटचा बोल्ट निघाल्यावर तो अचानक खाली येतो. जिप्सीत टोकांना फ्लँज असल्यामुळे ट्रान्सफर केसमधून तेल सांडत नाही, ही एक सोय.

कपांना अडवणारे सर्क्लिप काढा. गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग व्हाइसमध्ये दोन सॉकेट. कपापेक्षा जरा लहान सॉकेट ढकलायला, कप आत मावेल एवढा मोठा सॉकेट समोरून झेलायला. व्हाइस आवळली की एका बाजूचा कप दुसऱ्या सॉकेटमध्ये उतरतो. हातोड्यानेही निघतो, गॅरेजमध्ये तसंच काढतात, पण योकच्या कानांवर घाव बसून ते वाकले तर शाफ्टच भंगारात. घरी करणाऱ्याने व्हाइसच वापरावी असं माझं मत.

रिकामं योक पुसून भोकं बघा. नवा कप बोटाने सहज आत सरकत असेल तर भोक झिजलंय, आणि मग नवा क्रॉस घालून काही उपयोग नाही. कप दाबूनच बसायला हवा.

नवा क्रॉस बसवताना घाई करू नका. कपात ग्रीस भरा म्हणजे रोलर उभे राहतात. पहिला कप थोडा आत घाला, क्रॉसचा हात त्यात शिरवा, मग समोरचा कप. दाबताना क्रॉस सतत दोन्ही कपांत राहिला पाहिजे. नाहीतर एखादा रोलर आडवा पडतो आणि कपाच्या तळाशी जाऊन बसतो. लक्षण सोपं आहे. शेवटचा एखादा मिलिमीटर कप जात नाही आणि सर्क्लिपची खाच अर्धीच दिसते. अशा वेळी जोर लावला की रोलर चेपतो आणि क्रॉस महिनाभरात परत जातो. काढा, रोलर उभा करा, पुन्हा घाला. ग्रीस निपल शाफ्ट गाडीत चढल्यावर गन पोचेल अशा दिशेला हवं. हे विसरलं की सगळं पुन्हा उघडणं आलं.

सर्क्लिप बसल्यावर योकला बाहेरून हलके ठोके द्या, कप मोकळे होऊन सर्क्लिपला टेकतात. आता क्रॉस दोन्ही दिशांना हाताने, न अडखळता फिरला पाहिजे. कडक वाटला तर ‘चालवून मोकळा होईल’ या भरवशावर राहू नका. मग ग्रीस, चारही सीलमधून डोकावेपर्यंत. शाफ्ट चढवताना रेघेला रेघ, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला. थोडं अंतर चालवून बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, नवा क्रॉस लवकर का जातो? जिप्सीत सेंटर डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळलात तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू बघतात, शाफ्ट त्यांना सोडत नाहीत, आणि तो पीळ क्रॉसवर येतो. चिखल, वाळू, ओला उतार, तिथेच लावा. दुसरं कारण पाणी. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ग्रीस मारा, म्हणजे आतलं पाणी बाहेर निघतं.

दुसरा प्रश्न, वाटेत मागचा क्रॉस तुटला तर? जिप्सीत मागचा शाफ्ट पूर्ण काढून, फोर व्हील लावून, पुढच्या चाकांवर सावकाश गॅरेजपर्यंत येता येतं. हबला लॉक असतील तर तेही लावलेले हवेत. कायम ऑल-व्हील-ड्राइव्ह असलेल्या गाडीत मात्र हा प्रयोग करू नका. सेंटर डिफरन्शियल उघडं असेल तर सगळी ताकद सुटलेल्या बाजूला जाऊन गाडी हलतच नाही, आणि व्हिस्कस कपलिंग असेल तर ते तापून खराब होऊ शकतं. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांच्या शाफ्टमध्ये क्रॉस कारखान्यातच ठोकून बंद केलेला असतो, सर्क्लिप नसतातच, त्यामुळे शाफ्ट पूर्ण बदलावा लागतो. जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह घेताना खाली वाकून सर्क्लिप आहेत का बघा आणि किंमत त्यानुसार बोला.

तुमच्या गाडीचा आवाज कळवायचा असेल तर व्हॉइस नोट पाठवताना इंजिन चालू-बंद दोन्ही, आणि कुठल्या गिअरला येतो तेही सांगा. पुढच्या भागात डिफरन्शियलचं तेल.