गाल फुगला, म्हणजे कॅन्सरच असे नाही

"डॉक्टर, दाढ काढून झाली, तरी हिचा गाल काही उतरत नाही." तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली आई सांगत होती. मुलीचा उजवा गाल वर्षभर हळूहळू भरत गेला होता. दुखणे नाही, ताप नाही. आधी लेप झाले, मग गोळ्या झाल्या, मग एक चांगली दाढ गेली. शेवटी शेजारणीने 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला आणि घरातल्यांची झोप उडाली.

मी तोंडात बोट घालून पाहिले. वरच्या जबड्याचे हाडच फुगले होते आणि दगडासारखे टणक लागत होते. हिरडी मात्र निरोगी होती. एक्स-रेमध्ये तो भाग घासलेल्या काचेसारखा धूसर दिसला. पुढे दंत महाविद्यालयात तपासणी होऊन निदान पक्के झाले : फायब्रस डिस्प्लेशिया. हा कॅन्सर नव्हे.

आपले हाड सतत झिजते आणि नव्याने भरते. काही वेळा पक्क्या हाडाच्या जागी तंतुमय ऊतक तयार होते आणि त्यात कच्चे हाड विखुरलेले राहते. जबड्याच्या अशा साध्या विकारांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला, वर सांगितलेला. तो बहुधा लहान वयात सुरू होतो आणि शरीराची वाढ थांबली की बहुतेकदा मंदावतो. म्हणून शक्यतो तोपर्यंत थांबून, चेहरा फार विद्रूप दिसत असेल तर हाड तासून आकार नीट करतात. नजर कमी होऊ लागली तर मात्र थांबायचे नाही. या विकारात किरणोपचार टाळतात, कारण त्याने पुढे खराच कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

दुसरा प्रकार ऑसिफाइंग फायब्रोमा. ही हाडातली स्वतंत्र, रेखीव गाठ असते. ती बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या भागात आणि तरुण किंवा मध्यम वयाच्या स्त्रियांमध्ये आढळते. ती वाढत राहते, म्हणून शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

तिसरा सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेशिया. तो बहुधा चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांमध्ये दिसतो. कसलाच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी डाग दिसतात. हे दात जिवंत असतात. ते उपटू नयेत, त्यांचे रूट कॅनालही करू नये. उगाच छेडछाड केल्यास तिथे जंतुसंसर्ग होऊन बरेच दिवस पू वाहू शकतो. नुसते लक्ष ठेवणे, दात स्वच्छ राखणे पुरते.

त्या आईने जाताना हळूच विचारले, "दिवस असताना मी ग्रहण पाळले नव्हते. त्याचे तर हे नाही ना?" नाही, बाई. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतील जीएनएएस नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो, त्यातून हा विकार उद्भवतो. तो आईवडिलांकडून येत नाही, पुढच्या पिढीत जात नाही आणि कुणाला लागतही नाही. मुलीच्या लग्नाची काळजी करण्याचे कारण नाही. मात्र अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग असतील किंवा पाळी फार लवकर आली असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

याचा अर्थ प्रत्येक सूज निरुपद्रवी असते असा नाही. गाठ झपाट्याने वाढणे, ओठ बधिर होणे, दात हलू लागणे, तोंड कमी उघडणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम : यातले काहीही दिसले तर एक दिवसही दवडू नका. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

कारण न समजता दाढ उपटून घेऊ नका. गालावर शेक, लेप, चोळणे नको. आधी एक्स-रे काढा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे या तपासण्या होतात. जुने एक्स-रे फेकू नका, कारण गाठ वाढली की नाही हे त्यांच्याशी ताडूनच कळते.

ती मुलगी आता दर सहा महिन्यांनी दाखवायला येते. काढलेली चांगली दाढ तेवढी परत येणार नाही.