एका शाळेत न मावणारा प्रयोग

कोल्हापुरात २० मार्चला सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी असताना एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली, तर तिची सावली साधारण ३० सेंटिमीटर भरते आणि ती उत्तरेकडे पडते. त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये तेवढ्याच काठीची सावली ६७ सेंटिमीटरच्या आसपास असते, पण ती पडते दक्षिणेकडे. फिनलंडमधल्या हेलसिंकीत ती काठीपेक्षाही लांब, जवळजवळ पावणेदोन मीटर होते. यातला कुठलाही आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले, की पृथ्वीचा घेर काढता येतो.

परदेशी शाळेशी भागीदारी म्हटले की आपल्याकडे बहुधा स्वागतगीत, झेंडे, सणांची चित्रे आणि पडद्यावरून एकमेकांना हात हलवणे, एवढेच होते. त्यातून ओळख होते, मुले खुलतात, आणि ते चांगलेच आहे. पण विज्ञानाच्या तासाला तेवढे पुरत नाही. विज्ञानासाठी दोन शाळा जोडायच्या, तर एकट्या शाळेला सुटूच शकत नाही असा प्रश्न निवडायला हवा. मग भागीदार हा पाहुणा राहत नाही, त्याच्यावाचून आपले गणित अडते.

असा प्रश्न इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने सोडवला. इजिप्तमधल्या सायीनला, म्हणजे आजच्या अस्वानला, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्य माथ्यापासून ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असे. दोन शहरांमधले अंतर ५,००० स्टेडिया धरून त्याने पृथ्वीचा घेर अडीच लाख स्टेडिया काढला. त्याची गृहीते काटेकोर नव्हती. अस्वान नेमके कर्कवृत्तावर नाही आणि अलेक्झांड्रियाच्या रेखावृत्तावरही नाही. तरीही रीत बिनचूक होती, आणि म्हणूनच ती आजही वर्गात वापरता येते.

फ्रान्समध्ये जॉर्ज शार्पाक या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने पिएर लेना आणि इव्ह केरे यांच्या साथीने १९९६ मध्ये, तिथल्या विज्ञान अकादमीच्या पाठबळावर, ‘ला मँ आ ला पात’ ही चळवळ उभी केली. मुलांनी विज्ञान हातांनी करून शिकावे, हा तिचा आग्रह. त्याच चळवळीतून इरॅटोस्थेनिसच्या वाटेने जाणारा शालेय प्रकल्प निघाला. वेगवेगळ्या देशांतल्या शाळा आपापली सावली मोजतात आणि दूरच्या शाळेशी आकड्यांची देवघेव करतात.

ऐकायला हे सोपे वाटते, पण खरे शिक्षण मोजण्यात आहे. काठी सरळ आहे हे नजरेने ठरवून चालत नाही, गवंड्याचा ओळंबा लावावा लागतो. जमीन सपाट हवी. सावलीचे टोक तर मुलांना पहिल्याच दिवशी सतावते, कारण ते धारदार नसतेच. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड सुमारे सेंटिमीटरभर विरते. कोल्हापूरच्या ३० सेंटिमीटरमध्ये एका सेंटिमीटरची चूक म्हणजे कोनात अर्ध्या अंशाची चूक. यावर उपाय असा, की काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवायचा. सावलीत सूर्याची छोटी गोल प्रतिमा पडते, तिचा मध्य पकडायचा आणि उंची भोकापासूनच मोजायची.

वेळेचेही तसेच. घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, आणि कोल्हापूर त्याच्या बरेच पश्चिमेला. तिथे २० मार्चला सूर्याची मध्यान्ह १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास होते. ही वेळ मुलांना सांगूच नये. बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक कागदावर टिंबाने नोंदवू द्यावे. सर्वांत आखूड सावली कुठली, हे टिंबेच दाखवतात. केपटाउनच्या मुलांनी त्याच क्षणी मोजायची गरज नसते. प्रत्येकाने आपापली मध्यान्ह धरायची.

मग केपटाउनहून पत्र येते आणि वाद सुरू होतो. सूर्याचा माथ्यापासूनचा कोन कोल्हापुरात १६.७ अंश, केपटाउनला ३३.९. बहुतेक मुले वजाबाकी करतील. दोन्ही ठिकाणांमधले उत्तर-दक्षिण अंतर साधारण ५,६०० किलोमीटर धरले, तर वजाबाकीने पृथ्वीचा घेर १ लाख १७ हजार किलोमीटर येतो. सावल्या विरुद्ध दिशांना पडल्या होत्या, म्हणजे दोन गावे विषुववृत्ताच्या दोन बाजूंना आहेत, हे लक्षात आले की बेरीज होते आणि घेर ४० हजारांच्या अगदी जवळ येतो. गोलार्ध ही कल्पना पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने इतकी पक्की होत नाही. त्रिकोणमिती न शिकलेल्या सहावीच्या मुलांनाही हे जमते. प्रमाणात त्रिकोण काढायचा आणि कोनमापक ठेवायचे.

एक गोष्ट मात्र शिक्षकाने लपवू नये. ते ५,६०० किलोमीटर आपण नकाशावरून घेतो, आणि नकाशा करणाऱ्याला पृथ्वीचा आकार आधीच ठाऊक असतो. अंतर जमिनीवर मोजणे हे वेगळेच कष्टाचे काम आहे. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजली आणि पुढे त्रिकोणांची जाळी उत्तरेकडे नेत दोन दशके घालवली. १८२३ मध्ये हे काम सुरू असतानाच तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. विदर्भातल्या शाळांनी हा धडा त्याच्या नावापासून सुरू करावा.

महाराष्ट्राला या प्रयोगात एक खास जागा आहे. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथे प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस सूर्य थेट माथ्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, कोल्हापुरात मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. युरोपातल्या कुठल्याही शाळेला हे कधीच दिसत नाही. म्हणजे त्यांच्यासाठी आपली प्रत्येक शाळा सायीन आहे. अडचण एवढीच, की मेमध्ये सुट्टी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग. म्हणून २० मार्चचा विषुवदिन आपल्याला सोयीचा.

सावलीपुरतेच थांबायचे कारण नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने १९९४ मध्ये जाहीर होऊन १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या उपक्रमात आज १२० हून अधिक देश आहेत, भारत २००० मध्ये सामील झाला. तिथे मुले तापमान, पाऊस, ढग, माती, पाणी यांच्या नोंदी करतात. तापमापकाची पेटी पांढरी, जमिनीपासून दीड मीटरवर. दार उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, दक्षिणेत दक्षिणेकडे. नोंद सूर्याच्या मध्यान्हीच्या आगेमागे तासाभरात. हे नियम जाचक वाटतात, पण त्यांच्यामुळेच एका देशातला आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशी ताडून पाहता येतो. ८ जून २००४ च्या शुक्र अधिक्रमणात, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसला तेव्हा, युरोपियन सदर्न ऑब्झर्वेटरीच्या प्रकल्पात शाळा आणि हौशी निरीक्षक मिळून अडीच हजारांहून अधिक जणांनी वेळा नोंदवल्या. त्यांतून सूर्याचे अंतर निघाले सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. मान्य अंतराशी फरक पडला जेमतेम ११ हजारांचा.

या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती उलटतपासणी. कधीही न भेटलेली दूरची मुलगी विचारते, ‘तुमची काठी सरळ होती का? किती जणांनी मोजले?’ आपला आकडा असा दुसऱ्यापुढे ठेवायचा, चुकला तर पुन्हा मोजायचा, ही सवय गुणपत्रिकेत दिसत नाही. विज्ञान मात्र तिच्यावरच उभे आहे.

शिक्षक मित्रांनो, परदेशी शाळा मिळेपर्यंत थांबू नका; काश्मीर किंवा कन्याकुमारीची शाळा मिळाली तरी प्रयोग होतो. दिवाळीची सुट्टी संपली की पत्र पाठवा, जानेवारी-फेब्रुवारीत मोजण्याचा सराव करून घ्या. परीक्षेच्या धांदलीतून २० मार्चची एक दुपार मुलांसाठी राखून ठेवा. लागतील त्या वस्तू म्हणजे मीटरभर काठी, ओळंबा, भोक पाडलेला पुठ्ठा, कागद आणि कोनमापक.